बालाघाटातली आमची शिकार

हरणाच्या शिकारीला निघालेल्या आमच्या चौघांत एकानं जन्मात कधी अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं. तो मी. नांदूरघाटात माझं कापडाचं दुकान आहे, गळ्यात लिंग आहे, आणि दुकानाच्या पायरीवर रोज संध्याकाळी जी बैठक बसते तिच्यात मी मालक असल्यामुळे आपोआप सभासद आहे. त्या बैठकीतले तिघं शिकारीला जायचं म्हणाले. न जावं तर पुढचं वर्षभर त्याच पायरीवर माझ्याबद्दल बोलणं झालं असतं. म्हणून गेलो. शाकाहारी माणसाला शिकारीला जायला याहून मोठं कारण लागत नाही.

मूळ कारण दादांचं. दादा म्हणजे माझे शेजारी, गावातले मोठे शेतकरी. डोंगराच्या पायथ्याला त्यांचं माळाचं रान आहे आणि तिथं ते दरवर्षी हरभरा पेरतात. हरभरा फुलावर आला की हरणांचा कळप पहाटे येतो, शेंडे खुडून खातो आणि ऊन चढायच्या आत डोंगरात निघून जातो. दादांनी सरळ मार्ग धरला. अर्ज दिला. कचेरीतल्या माणसानं सांगितलं, हरीण पीक खाताना दिसतंय असा फोटो जोडा. दादांनी चार पहाटा थंडीत काकडून फोटो काढला. त्यात चार ठिपके होते. कचेरीतला माणूस म्हणाला, ह्या शेळ्या नसतील कशावरून? मग पंचनामा करायचं ठरलं. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा हरभरा काढून रान नांगरूनसुद्धा झालं होतं. त्यानं रानात उभं राहून लिहिलं, 'पीक आढळून आले नाही.' ते वाक्य दादांना फार लागलं.

दादांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती, वडिलांच्या वेळची. तिनं आजवर कशाचं रक्षण केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आमच्याकडे एक निवडणूक संपेपर्यंत दुसरी येते. त्यामुळे त्या बंदुकीचा मुक्काम घरापेक्षा ठाण्यातच जास्त. त्या हिवाळ्यात मात्र ती घरी होती, आणि हरभरा फुलावर आला होता.

शिकारीची माहिती गुरुजींना. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आम्हा तिघांना पाढे त्यांनीच शिकवलेले. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात एका जहागीरदाराबरोबर शिकारीला जायचे. सुरुवातीच्या वर्षांत गुरुजी सांगायचे की आजोबा जहागीरदाराची पाण्याची सुरई धरायचे. मग काही वर्षं आजोबा काडतुसांची पिशवी धरत होते. अलीकडे त्यांनी स्वतःच दोन बिबटे पाडले होते.

चौथा आमचा मिस्त्री, मशिदीमागच्या गल्लीतला. बसस्टँडजवळ त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, आणि तीन मोडक्या जिपांतून जमवलेली एक जीप आहे. ती फक्त त्याचंच ऐकते. खरं बोलणारा आमच्यात तो एकटाच.

"बेकायदा हाय हे," तो म्हणाला. "हरीण मारलं तर जामीन मिळत न्हाई."

"आपण मारायला कुठं चाललोय?" गुरुजी म्हणाले. "पाहणी करायची. कळप कुठं राहतो, कुठून उतरतो. बंदूक आपली जवळ असावी म्हणून."

"तुमी तिघं पाहणीला गेलतो म्हणताल, लोकं ऐकतील. मी म्हणलो तर कोण ऐकंल?"

दादा म्हणाले, "आमी हाव की बे." मिस्त्री हसला आणि जीपमध्ये पेट्रोल किती आहे ते बघायला गेला.

पाहणीची तयारी मोठी झाली. मिस्त्रीच्या बायकोनं मटणाचा मसाला वाटून डब्यात भरला. डेगची, तेल, कांदे, दोन किलो तांदूळ असं सगळं जीपमध्ये गेलं. गुरुजींनी जावयाचे बूट आणि माकडटोपी घातली. माझ्या बायकोनं पहाटे विचारलं, "अवो, कुठं चाल्लाव एवढ्या लवकर?" मी म्हणालो, डोंगरात देवदर्शनाला. तिनं माझ्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, आणि वर एक नारळ दिला. "माझ्या नावानं फोडा," म्हणाली. तो नारळ मांडीवर घेऊन मी शिकारीला निघालो.

घाट चढून जीप पठारावर आली तेव्हा तांबडं फुटत होतं. पुढं रस्ता संपला, मग बैलगाडीची वाट संपली, मग जीप संपली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि म्हणाला, "गरम झालीय. तुमी पुढं व्हा, मी येतो." आम्ही खांद्यावर बंदूक आणि पिशव्या घेऊन उतारानं निघालो. खाली एक वाडी दिसत होती, पंधरा-वीस घरांची. बहुतेक दारांना कुलपं होती. उसाच्या तोडीला गेलेली वाडी अशीच दिसते. चार-दोन चुलींचा तेवढा धूर.

गुरुजी पुढं होते. एका ठिकाणी ते थांबले, खाली वाकले आणि हातानं आम्हालाही थांबवलं. जमिनीवर लेंड्या होत्या.

"ताज्या आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "मोठा नर. अर्ध्या तासापूर्वी इथून गेला."

दगडाआड एक धनगर घोंगडी पांघरून बसला होता. तो आम्हाला दिसला नव्हता. तो म्हणाला, "आमच्या शेळ्यांच्या हायत त्या."

गुरुजींनी त्याला शेळ्या किती आहेत ते विचारलं, जणू तेच विचारायला आम्ही आलो होतो. मिस्त्री तेवढ्यात मागून पोचला होता. त्यानं तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

कळप मात्र खरंच दिसला. वाडीच्या वरच्या अंगाला, पडीक रानात, सात-आठ हरणं होती. एक काळवीट, पिळाच्या शिंगांचा, बाकी माद्या. सकाळचं ऊन त्यांच्या पोटाखालच्या पांढऱ्यावर पडलं होतं. आम्ही एका बाभळीमागं बसलो. मी यापूर्वी हरीण पाहिलं होतं ते धावतं, रस्त्यावरून, एसटीच्या खिडकीतून. उभं राहून कान हलवणारं हरीण मी पहिल्यांदा पाहिलं. माझी मोठी अडचण झाली. मला ते आवडलं.

दादांनी बंदूक लावली. गुरुजी त्यांच्या कानाशी वारा कुठून येतोय ते सांगत होते. आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. भक्तिगीताची धून होती, आवाज पूर्ण. बायकोचा फोन.

"नारळ फोडला का?"

"फोडतोय," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

कळपानं माना वर केल्या. दादांनी घोडा ओढला. टक असा आवाज आला आणि काहीच झालं नाही. काडतूस वडिलांच्या काळातलं होतं. दादांनी शिव्या देत ते काढलं, दुसरं घातलं. आम्ही तिघं जरा मागं सरकलो. दुसऱ्यानं मात्र आपलं काम केलं. केवढा मोठा आवाज. सगळ्या डोंगरानं तो परत केला. दादा मागच्या मागं बसले, नळी आभाळाकडे झाली, आणि बाभळीची एक फांदी आमच्या डोक्यावर आली. कळप उतारानं वाडीकडे असा गेला की धुरळाच दिसत राहिला.

"थोडक्यात हुकली," गुरुजी म्हणाले.

दादा खांदा दाबत उठत होते तोच खालून बाईचं ओरडणं ऐकू आलं. "अरं पडली, हिरीत पडली. या रं कुणीतरी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आवाजानं दचकून कुणी बाई, कुणी लेकरू विहिरीत गेलं असेल तर? मिस्त्री आधी पळाला, त्याच्यामागं मी, मग दादा. वाटेत एका घराशेजारी कडब्याची गंजी होती. दादांनी पळता पळता बंदूक तिच्यात खुपसली. गुरुजी माकडटोपी सांभाळत सावकाश येत होते.

वाडीच्या कडेला कठडा नसलेली विहीर होती, चार परस, म्हणजे एकावर एक चार माणसं उभी राहतील एवढी खोल. भोवती सात-आठ माणसं जमली होती, सगळी साठीच्या पुढची. ओरडणारी म्हातारी काठी टेकून अगदी काठावर उभी होती. लुगड्याचा काष्टा, कपाळाला हिरवं गोंदण, आवाज मात्र तरण्या बाईचा.

"कोण पडलं?" मी विचारलं.

"हरणी," ती म्हणाली. "वर कुठंतरी दणका झाला अन् कळप सैरावैरा आला. बाकीची उडून गेली, एक गेली आत."

माणूस नाही म्हटल्यावर मला एवढं हलकं वाटलं की मी हसलो. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी हसायचं थांबवलं आणि वाकून आत बघितलं. कमरेएवढ्या पाण्यात हरणी उभी होती. ती भिंतीवर उडी मारायची, खुरं निसटायची, परत पाण्यात पडायची. पडताना तोंडातून आवाजसुद्धा निघत नव्हता.

"वाडीतली समदी उसाला गेल्याती," म्हातारी म्हणाली. "हाव ती आमी म्हातारी कोतारी. कुणी उतरावं? देवानंच तुमाला धाडलं बगा."

ज्यानं आम्हाला धाडलं होतं त्याच्या बंदुकीचा दस्ता गंजीतून वीतभर बाहेर दिसत होता. दादा त्याच्यापुढं पाठ करून उभे राहिले.

मिस्त्री जीपकडे धावत गेला आणि टोचन करायचा, म्हणजे बंद गाडी ओढायचा, जाड दोर घेऊन आला. त्यानं दोर लिंबाच्या बुंध्याला बांधला, चपला काढल्या आणि कुणाला न विचारता उतरला. मला पोहता येतं हे दादांनी सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणून मीही उतरलो. पौषातलं पाणी. पाय टाकला आणि छातीतला श्वास अडकला.

वरून गुरुजी सूचना देत होते. "शिंगं धरा," ते म्हणाले.

"मादी हाय गुरुजी," मिस्त्री खालून म्हणाला. "शिंगं न्हाईत."

"मग मान धरा."

दोनदा तिनं आम्हाला पाडलं. एकदा तिचं खूर माझ्या ओठावर बसलं, तोंडात रक्ताची चव आली. मग मिस्त्रीनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तिच्या डोळ्यांवर टाकला आणि गाठ मारली. अंधार झाला तशी ती थांबली. मी तिला पोटाशी धरून पाण्यात उभा राहिलो. तिचं काळीज माझ्या छातीवर इतक्या जोरात आपटत होतं की कुठलं तिचं आणि कुठलं माझं ते कळेना. अंगाला ओल्या गवताचा वास येत होता. मिस्त्री तिच्या कानाशी पुटपुटत होता, "बस, बस, हो गया, बस." ते तो तिला सांगत होता की मला, कोण जाणे.

वरून म्हातारीनं बाज सोडायला लावली. चार पायांना दोर बांधून बाज खाली आली. आम्ही हरणीला तिच्यावर घातलं, मिस्त्रीच्या कमरेच्या पट्ट्यानं पाय बांधले. वर दादा आणि ती सगळी म्हातारी माणसं दोराला लागली. गुरुजी एक, दोन, तीन म्हणत होते. दादांचा बंदुकीनं सुजलेला खांदा त्या दिवशी दुसऱ्यांदा कामाला आला. बाज हलत, भिंतीला घासत वर गेली.

इथपर्यंत ठीक होतं. आम्ही कापडं पिळून निघणार होतो. पण वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं गावच्या सरपंचाला फोन लावला होता, सरपंचानं वनखात्याच्या माणसाला, आणि त्यानं किंवा आणखी कुणीतरी मोबाइलवर बातम्या देणाऱ्या एका पत्रकाराला. तासाभरात सगळे आले. हरणीचा मागचा पाय खरचटला होता. वनखात्याच्या माणसानं तो चाचपून पाहिला, मोडलेला नाही म्हणाला, औषध लावलं आणि मग आमच्याकडे वळला.

"तुमी इकडं कशाला आलताव?"

"निसर्गभ्रमण," गुरुजी म्हणाले.

त्यानं मिस्त्रीनं खाली आणलेल्या सामानाकडे पाहिलं. डेगची, तेल, मसाल्याचा डबा. झाकण उघडून वास घेतला. "निसर्गभ्रमणाला मटण मसाला?"

"खिचडीत घालतो साहेब," मिस्त्री म्हणाला. "सवय हाय."

"अन् लोकं म्हणतेत बंदुकीसारखा आवाज झाला. तुमी ऐकला का?"

मी पायाकडे बघत होतो. दादा परत गंजीपुढं पाठ करून उभे होते. मिस्त्री म्हणाला, "जीपचा सायलेन्सर फुटलाय साहेब. चला, ऐकवतो." तो त्याला वर घेऊन गेला आणि जीप चालू केली. ती मागून एवढ्या मोठ्यानं फुटली की बांधावरचे कावळे उडाले. साहेबांनी वहीत 'सायलेन्सर' असं लिहिलं. पंचनामा इतक्या लवकर होऊ शकतो हे दादांनी प्रथमच पाहिलं.

मग सत्कार झाला. सरपंचांच्या गाडीत शाल आणि नारळ कायम असतात, कुठं काय निघेल सांगता येत नाही. शाल एकच होती, ती गुरुजींना मिळाली. पत्रकारानं फोन समोर धरला. गुरुजी कोरडे ठणठणीत उभे होते, कापडांची घडी मोडलेली नव्हती, त्यामुळे ते दिसायलाही चांगले दिसत होते. ते मुक्या प्राण्यांवर बोलले. आपल्या आजोबांनी शिकारीला गेलेल्या जहागीरदाराला हात जोडून कसं परत फिरवलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. ही गोष्ट आम्ही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकली. मिस्त्री ओल्या बनियनवर कुडकुडत बाजूला उभा होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली, तिच्यात 'निवृत्त शिक्षक व त्यांच्या सहकाऱ्यांनी' असं होतं. विहिरीत आधी उतरलेला माणूस 'सहकाऱ्यांनी'मध्ये होता, आणि फोटोत त्याचा फक्त कोपर होता.

हरणीचे पाय सोडले, डोळ्यांवरचा टॉवेल काढला. ती क्षणभर तशीच पडून राहिली. मग उठली, लंगडत चार पावलं गेली आणि एकदम पळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर दादा सहज फिरल्यासारखे गंजीपाशी गेले आणि परत आले. चेहरा पांढरा. बंदूक तिथं नव्हती.

परवान्याची बंदूक हरवली म्हणून ठाण्यात सांगायचं, तर कुठं हरवली तेही सांगावं लागणार. त्या रात्री दादा जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं परत वाडीवर. म्हातारी अंगणात तूर पाखडत बसली होती.

"काय हरवलं का बाबा?" तिनं न बघताच विचारलं.

दादा म्हणाले, "काठी इसरली माझी."

"कसली?"

"लोखंडाची."

"हाय माझ्यापाशी. गोधडीत गुंडाळून ठिवलीया." तिनं सुपातला कोंडा उडवला. "काल साहेब इचारत व्हता तवाच काढून ठिवली. तुमच्या पाठीमागनंच काढली. तुमाला कळलं न्हाई."

दादा खाली बसले. गुरुजींनी माकडटोपी काढून हातात घेतली.

"सांगितलं कावून न्हाई साहेबाला?" शेवटी मिस्त्रीनं विचारलं.

"तू उतरला व्हतास पाण्यात," ती म्हणाली. "थंडीचं कुणी उतरत न्हाई. माझा ल्योक अन् सून बी तिकडं उसातच हायत, अन् नातवंडं त्यांच्यासंगं. परत आली की ह्याच हिरीकाठी खेळत्याती. आज हरणी पडली, उद्या कोण पडंल. पंचायतीला सांगून सांगून त्वांड दुखलं." मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि दादांकडे सरळ पाहिलं. "कठडा बांधा. मग काठी न्या."

आम्ही तीन रविवार तिथं गेलो. दगड रानात पडलेले होतेच. सिमेंट आणि वाळू दादांनी, सरपंचांची गाडी आली होती त्या खालच्या रस्त्यानं, जीपमधून आणली. मिस्त्रीनं त्याच्या गवंडी मेव्हण्याकडून थापी आणि ओळंबा आणला. गुरुजींनी सुतळी धरून गोल आखून दिला, तो दोनदा चुकला. मी दगड वाहिले. बायकोला मी तिन्ही वेळा देवदर्शनच सांगितलं. तिनं शेजारच्या बायकांना सांगितलं की आमचे मालक अलीकडे फार धार्मिक झालेत. दुपारी म्हातारी भाकरी आणि वांग्याचं कालवण द्यायची. दुसऱ्या रविवारी मिस्त्रीनं उरलेला मसाला तिच्या कालवणात घातला. तिनं एक घास खाऊन बघितला आणि डबा ठेवून घेतला.

काम चालू असताना एकदा वरच्या पडीकात कळप आला होता. आम्ही चौघांनी पाहिलं. दादांच्या हातात घमेलं होतं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "सिमेंटचा माल वाळतोय, चला." त्यात एक मादी मागं राहून चालत होती. आमचीच होती असं मला वाटलं, पण तेवढ्या लांबून काही खात्रीनं सांगता येत नाही.

तिसऱ्या रविवारी कठडा पुरा झाला. छातीएवढा, जरासा एका बाजूला फुगलेला. म्हातारीनं भोवती एक फेरी मारली, काठीनं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि घरात जाऊन गोधडीची गुंडाळी घेऊन आली. दादांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मिस्त्रीनं थापी धुवायला पाण्यात बुडवली. म्हातारी म्हणाली, "धू नको अजून. खालच्या अंगाला अजून एक हीर हाय, तिला बी कठडा न्हाई."

मिस्त्रीनं दादांकडे पाहिलं. दादांनी गुंडाळी जीपच्या मागच्या सीटवर नीट ठेवली, पायजमा वर खोचला आणि विचारलं, "किती खोल हाय?"